दारू श्रावणातही सुटते

‘दारू सोडणं काय अवघड आहे? मी दरवर्षी श्रावणात सोडतो.’ छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हे वाक्य टाकलं की हशा ठरलेला. आषाढ अमावास्येला, म्हणजे गटारीला, परमिट रूमबाहेर मोटारसायकली लावायला जागा नसते. दुसऱ्या दिवसापासून तीच माणसं शहाण्यासारखी घरी जातात, मटण बंद, बाटली बंद. महिना सरतो, फार झालं तर गणपती उठेपर्यंत ताणतात, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शहागंज, सिटी चौकाकडच्या जुन्या वस्तीत हेच रमजानचं. महिनाभर कडक, ईद झाली की हळूहळू जुन्या अड्ड्यावर.

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी ‘नवा मी’ हा विषय दिला, तेव्हा हा श्रावणच आधी डोळ्यांपुढे आला. महिनाभर दारू न पिणारा माणूस स्वतःच्या मनात पिणाराच असतो, फक्त रजेवर असतो. मग ज्यांची रजा संपलीच नाही, जे आठ-दहा-पंधरा वर्षं कोरडे राहिले, त्यांच्या आत काय बदललं? छत्रपती संभाजीनगरात आणि आसपासच्या गावांत अशी माणसं शोधत फिरलो. त्यांची नावं इथे येणार नाहीत. बोलायला बसण्याआधीची त्यांची तीच एक अट होती.

गेटपासून घरापर्यंत

नगर नाका ओलांडून वाळूजकडे निघालं की वाटेत पंढरपूर लागतं. लोक त्याला छोटं पंढरपूर म्हणतात. आषाढीला ज्यांना चंद्रभागा गाठता येत नाही ते कामगार, रिक्षावाले, भाजीवाल्या बाया इथल्या विठोबाला येतात. त्याच रस्त्याला औद्योगिक वसाहत. १९८५ मध्ये इथे बजाजचा कारखाना सुरू झाला, त्यामागून सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो कंपन्या आल्या, आणि त्यांच्याच शेजारी बिअरचे कारखाने. सबंध महाराष्ट्रात बिअरसाठी ओळखलं जाणारं हे शहर आहे. २०१६ च्या दुष्काळात माणसांना प्यायला पाणी नसताना मद्याच्या कारखान्यांना ते का, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला होता आणि खंडपीठाने या कारखान्यांचं पाणी निम्म्याहून अधिक तोडायला लावलं होतं. विठोबा, कारखाना आणि बिअर, तिन्ही एका रस्त्यावर. इथला माणूस दारू सोडतो म्हणजे काय करतो, ते या रस्त्यावर कळतं.

मला भेटलेला सीएनसी ऑपरेटर मूळचा जालना जिल्ह्यातला, बजाजनगरात राहणारा, पंचेचाळिशीचा. दारू सुटून नऊ वर्षं झाली. सोडली कशी, हे त्याने दोन वाक्यांत आटोपलं. यकृताने इशारा दिला, घाटीच्या सरकारी दवाखान्यात भरती झाला, सुटली. ‘ती काय कोणाचीबी सुटती. पुढचं इचारा.’

पुढचं म्हणजे रस्ता. सेकंड शिफ्ट रात्री सुटते. गेटपासून त्याच्या खोलीपर्यंत चालत वीस मिनिटं, आणि वाटेत देशीचं दुकान एक, बार दोन. पहिलं वर्षभर तो त्या रस्त्याने गेलाच नाही. मागच्या गल्लीतून, कुत्री भुंकत असताना, दहा मिनिटं जास्त चालून घरी जायचा. शिफ्ट सुटायच्या अर्धा तास आधी खिशातला बिस्किटाचा पुडा उघडायचा, कारण रिकाम्या पोटी बारचा तळलेला वास आला की डोकं चालत नाही, हे त्याला दारू सोडलेल्यांच्या बैठकीतल्या जुन्या लोकांनी सांगितलं होतं. पगाराच्या दिवशी बायकोला गेटवर बोलवायचा. नंतर पगार बँकेत जमा होऊ लागला, तेव्हा एटीएमचं कार्ड तिच्याकडे दिलं. सगळ्यात अवघड होता रविवार. ‘रविवारी हाताला कामच नसायचं. मग दळण आणायला लागलो. पोरीच्या सायकलीचं पंक्चर काढायला शिकलो. गल्लीतल्या दुसऱ्या पोरांच्याबी सायकली यायला लागल्या.’

त्याला ‘सायकलवाले काका’ म्हणतात, हे सांगताना तो पहिल्यांदा हसला. त्याआधी गल्लीत त्याला काय म्हणत, ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

एकवीस दिवसांची गोष्ट

‘एकवीस दिवस केलं की सवय लागते’ हे वाक्य आता व्हॉट्सॲपवर आणि शाळांच्या भिंतींवरही दिसतं. त्याचा उगम गमतीचा आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकी प्लास्टिक सर्जन होते. नाक-चेहऱ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्णाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण. १९६० च्या त्यांच्या पुस्तकाचा विषयच माणसाच्या मनातली स्वतःची प्रतिमा हा होता. त्यातला ‘निदान’ पुढे गळून गेला आणि चेहऱ्याची गोष्ट सवयीची झाली.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात जेवणासोबत फळ खाणं, रोज थोडं चालणं अशा साध्या सवयी अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. हे फळ खाण्याचं झालं. वीस वर्षं रोज संध्याकाळी केलेली गोष्ट न करण्याची सवय लागायला किती लागतात, याला कॅलेंडर पुरत नाही.

दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी आहे. व्हिएतनामच्या युद्धात असंख्य अमेरिकी सैनिक हेरॉइन घेऊ लागले होते. ते परतले की देशभर व्यसनी होतील, अशी सरकारला धास्ती होती. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा माग काढला. तिकडे जवळपास पाचातला एक जण स्वतःला व्यसनी म्हणवत होता, मात्र घरी आल्यावर वर्षभरात त्यातले फार थोडे पुन्हा व्यसनात अडकले. जंगल, बरोबरचे सोबती, भीती, ती पुडी सहज मिळणं, सगळं मागे राहिलं होतं. घरी तो कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कारखान्यातला कामगार होता.

वाळूजच्या कामगाराला असं विमानात बसून दुसऱ्या देशात जाता येत नाही. गेट तेच, गल्ली तीच, ज्यांच्यासोबत प्यायला ते मशीनच्या पलीकडे उभे. म्हणून त्याला मागची गल्ली धरावी लागते आणि पंक्चर काढायला शिकावं लागतं. मला वाटतं, व्यसनमुक्तीच्या व्याख्यानांत ‘निर्धार’ या गोष्टीला फार मोठं स्थान दिलं गेलंय. निर्धार सकाळी भक्कम असतो. शिफ्ट सुटते रात्री.

शाळेच्या बाकांवर

अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या काही बैठका बाहेरच्यांनाही खुल्या असतात. अशा एका बैठकीला गेलो. महापालिकेच्या शाळेतला तिसरीचा वर्ग, फळ्यावर दुपारचा पाढा तसाच. लहान बाकांवर गुडघे वर घेऊन बसलेली मोठी माणसं. बँकेतला अधिकारी, रिक्षावाला, वकील, आणि कोपऱ्यात एक तरुण, ज्याचे हात मांडीवर ठेवूनही थरथरत होते.

या संघटनेची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअरदलाल आणि बॉब स्मिथ हा शल्यविशारद, अशा दोन बेवड्यांच्या भेटीतून झाली. भारतात ती १९५७ पासून आहे. डॉक्टर नाही, फी नाही, नोंदवही नाही. एकेक जण उभा राहतो आणि सांगतो, मी अमुक, मी मद्यपी. सगळे म्हणतात, नमस्कार अमुक. मग तो बोलतो आणि मध्ये कुणी सल्ला देत नाही. शेवटी एक डबा फिरतो. मीही खिशातून नोट काढली, तर शेजारच्याने डबा हलकेच पुढे सरकवला. बाहेरच्यांचे पैसे ते घेत नाहीत, हे मला नंतर कळलं.

पंधरा वर्षं थेंब न घेतलेला माणूसही स्वतःला मद्यपीच म्हणवतो, हे मला आधी खटकलं होतं. स्वतःची प्रतिमा बदलायची तर जुनं नाव रोज का घ्यायचं? बँकेतल्या अधिकाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘मी बरा झालो असं वाटायला लागलं ना, त्या दिवसाची मला जास्त भीती. बरा झालेला माणूस एक पेग घेऊन बघू शकतो. मी नाही बघू शकत.’

त्याच बैठकीत एक गृहस्थ पहिल्या बाकावर बसले होते. केस पिकलेले, इस्त्रीचा शर्ट. नऊ वर्षं दारूपासून लांब होते. मुलीचं लग्न थाटात लावलं, पाहुणे गेले, मांडव उतरला आणि त्या रात्री एकट्याने बाटली फोडली. कर्तव्य संपलं होतं म्हणे. ते उभे राहून म्हणाले, ‘आज माझा चौथा दिवस.’ टाळ्या वाजल्या. थोड्या वेळापूर्वी अकरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसासाठी वाजल्या होत्या तेवढ्याच. कोपऱ्यातल्या थरथरत्या पोराने वर पाहिलं, कारण चार दिवस त्याचेही झाले होते.

खुंटीवरची माळ

मराठवाड्यात दारू सोडण्याचा याहून कितीतरी जुना मार्ग आहे, तो म्हणजे माळ. पंढरीला किंवा आळंदीला जायचं, फडावरच्या महाराजांसमोर बसायचं, ज्ञानेश्वरीवर ठेवलेली तुळशीची माळ उचलून गळ्यात घालायची. दारू-मटण बंद, एकादशी, हरिपाठ, वर्षाची वारी सुरू. गाडगेबाबांनी कीर्तनातून दारूवर आयुष्यभर कोरडे ओढले, आणि अलीकडे बंडातात्या कराडकरांनी वारकरी तरुणांचा व्यसनमुक्त युवक संघ उभा केला.

मानसशास्त्राच्या चष्म्यातून पाहिलं तर माळेसारखी व्यवस्था शोधून सापडणार नाही. एका दिवसात माणसाचं नाव बदलतं. काल ज्याला गाव अरे-तुरे करत होतं, त्याला आज ‘माळकरी’, ‘बुवा’ म्हणतात, पाया पडतात. दारूचा आग्रह करणारा मित्रच गळ्याकडे बघून गप्प होतो, नकार द्यायची वेळच येत नाही. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ. ज्या वेळेला पाय दारूच्या दुकानाकडे वळायचे, नेमक्या त्या वेळेला हातात टाळ. वर्षातून एकदा सप्ताह, तो तर भर श्रावणातही असतो. वैजापूर तालुक्याच्या वेशीवरच्या सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह पाहिलेल्याला सांगायला नको की तिथे गर्दीत मिसळलेल्या माणसाला एकटं वाटायला फुरसतच नसते.

पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून हे कौतुक मी करत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि आतल्या खुंटीकडे बोट केलं. ‘तिथं दोन वर्सं लटकत व्हती माळ.’

झालं असं होतं. माळ घालून सहा वर्षं झाली. कपाशी गेली, भावाशी वाटणीचा वाद झाला आणि एका बाजाराच्या दिवशी पैठणमध्ये अर्धी क्वार्टर घेतली. अर्धीच. तेवढ्याने काही बिघडलं नसतं. पण घरी येऊन त्यांनी माळ काढली, खुंटीला अडकवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा प्यायले. ‘माळकरी नाय राह्यलो, मग राह्यलं काय?’

ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात घसरण आणि पूर्ण पडझड यांतला फरक मांडला, तो हाच. एका घोटाने शरीराचं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं त्या घोटाचा माणूस जो अर्थ लावतो त्याने होतं. मी घसरलो, असं वाटलं तर तो उठतो. मी मुळात असलाच आहे, असं वाटलं तर तो बाटली संपवतो. नवी ओळख जितकी सोवळी, तितकी तिच्यावर पडलेल्या पहिल्या डागाची किंमत मोठी.

माळ खुंटीवरून उतरली कशी? गावातले विणेकरी एका संध्याकाळी ओट्यावर आले. दारूबद्दल चकार शब्द नाही. म्हणाले, काकड्याला माणसं कमी पडायलीत, उद्या येता का. ते गेले. लाजेने मागे उभे राहिले. महिनाभराने कुणीतरी टाळ हातात दिला. आज त्या गोष्टीला सात वर्षं झालीत.

शहरात नागसेनवनाकडच्या वस्त्यांमध्ये हीच भूमिका बुद्धविहार बजावतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातही ती आहे. तिथल्या एका ताईंनी मला सांगितलं, की नवऱ्याची दारू त्यांनी ‘तब्येतीसाठी सोडा’ म्हणून सोडवली नाही, कारण तब्येतीची त्याला पर्वा नव्हती. ‘बाबासाहेबांचा माणूस म्हणवता ना?’ एवढंच त्या रोज विचारत. पौर्णिमेच्या वंदनेला त्याच्याकडे पंचशील म्हणून घ्यायचं काम वस्तीने दिलं, तेव्हापासून फरक पडला.

विहारातलं म्हणणं असो, टाळ असो, सायकलचं पंक्चर असो, एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली. माणसाने स्वतःबद्दल काय ठरवलं, यापेक्षा त्याच्यावाचून कुणाचं काय अडतंय, हे जास्त टिकतं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र याच पायावर उभं आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यातल्या मुलांवर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता अवचट यांनी ते सुरू केलं. तिथे आलेला माणूस खोली झाडतो, नंतर नव्याने आलेल्याची काळजी घेतो, आणि त्यातलेच काही जण पुढे समुपदेशक होतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ फ्रँक रिसमन यांनी १९६५ मध्ये लिहून ठेवलं होतं, की अशा गटांत मदत घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला अधिक फायदा होतो.

ज्यांना परत जायला जागा नाही

जुन्या शहरातल्या पोरांकडे गेल्यावर मात्र माझी मांडणी डळमळली. तिथला प्रश्न दारूचा नाही, ‘बटन’चा आहे. झोपेच्या आणि मनोविकारांवरच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, आणि आता एमडी, म्हणजे मेफेड्रोन. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने शहरात आणि पैठणमध्ये छापे घालून अमली पदार्थांचा कोट्यवधींचा साठा पकडला, तेव्हा शहर हादरलं होतं. बटन मात्र त्याआधीपासून गल्लीबोळात होतं.

पन्नाशीचा शेतकरी दारूआधी कुणीतरी होता, बैलांची पारख असलेला, घरातला थोरला. त्याला जुन्याकडे परत जाता येतं. चौदाव्या वर्षी गोळी घेतलेला मुलगा परत कुठे जाणार? एकोणीस वर्षांचा एक जण मला म्हणाला, ‘अब्बी तो बंद है. लेकिन करनेका क्या?’ शाळा आठवीत सुटलेली. आता तो मामाच्या गॅरेजमध्ये पाने-पकड उचलून देतो. मामा त्याला कामाला ठेवायला तयार झाला, पण गल्ला उघडा असला की त्याला बाहेर पाठवतो. पोराला ते कळतं. इथे ओळख दुरुस्त करायची नाही, पहिल्यांदाच घडवायची आहे, आणि त्याला भेटायला कुणी विणेकरी येत नाही.

तोंडाचा वास

सीएनसी ऑपरेटरच्या बायकोशी मी वेगळं बोललो. पोळ्या लाटता लाटताच त्या बोलत होत्या. ‘नऊ वर्सं झाली, पन अजूनबी दार उघडलं की मी आधी वास घेते. ह्यांना ठाऊक हाय. ते दारात जरा थांबत्यात.’ त्याने थकवलेलं घरभाडं, गहाण टाकलेलं मंगळसूत्र, पोरीला शाळेतून आणायला विसरलेली दुपार, हे सगळं त्या वासामागे आहे. तो बदलला म्हणून तिची आठवण पुसली जात नाही. दारुड्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या बैठका असतात, मुक्तांगणने बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालवला, तो याचसाठी.

सोडल्यावर दोन वर्षं घरात भांडणं वाढली होती, हेही त्यांनीच सांगितलं. तोवर घरखर्च, पोरीची फी, नातेवाईक, सगळं त्या एकट्या बघत. शुद्धीवर आलेला नवरा मत देऊ लागला. ‘पिऊन पडलेला मानूस निदान बोलत तरी नसतो,’ त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. व्यसनमुक्तीच्या गोष्टींत हे पान सहसा गाळलेलं असतं.

अशा बायकांच्या हतबलतेवर धंदा चालतो, हेही लिहिलं पाहिजे. एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशी पत्रकं चिकटवलेली दिसतात. त्यातल्या पुडीत काय असतं, देव जाणे. डॉक्टर डायसल्फिराम ही गोळी देतात, पण ती रुग्णाला सांगून, तपासण्या करून. भाजीत कालवून दिलेल्या या गोळीवर नवरा दारू प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. तसंच, वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात घरीच बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. त्याला श्रावण पाळायला लावू नका, दवाखान्यात न्या. घाटीच्या मनोविकार विभागात उपचार होतात. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती मदतवाहिनी विनाशुल्क आहे.

दिल्लीच्या ‘एम्स’ने २०१९ मध्ये देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ माणसांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळते, आणि भरती होऊन उपचार मिळतात १८० मध्ये एकाला. उरलेल्यांचं जे काही व्हायचं ते गल्लीत, नात्यात, शिफ्टवर होतं, म्हणजे तुमच्या-माझ्यासमोर. हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा दिवाळीच्या पार्ट्या सुरू असतील. कुणी ग्लास परत सरकवला तर ‘आज काय विशेष?’ असं विचारू नका, आणि ‘एकाने काय होतं’ हे तर मुळीच म्हणू नका. गेल्या दिवाळीला सोडून यंदा पुन्हा प्यायलेला कुणी तुमच्या माहितीत असेल, तर भाऊबीज झाल्यावर त्याच्याकडे जा आणि एखादं काम सांगा.